फायनान्शियल इंजिनिअरिंगला अर्ज करायचाय? आधी गणित पाहा, मग कागद, मग कर्ज

बोरगाव (ता. सौंसर, जि. पांढुर्णा) : संत्र्याचा बगीचा असलेले एक ओळखीचे भाऊ परवा चहाच्या टपरीवर भेटले. मुलगी नागपूरला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. म्हणाले, "कन्सल्टन्सीवाला सांगतो, फायनान्शियल इंजिनिअरिंग करा, अमेरिकेत दीड वर्षाचा कोर्स, नंतर डॉलरमध्ये पगार. घर गहाण ठेवू का, एवढंच सांगा."

एवढंच सांगणं सोपं नव्हतं. मी साधा बी.कॉम. माणूस, पण हिशेब समजतो. म्हणून माहिती गोळा केली. आपल्या भागातल्या बाकी पालकांनाही उपयोगी पडेल म्हणून इथे मांडतो.

हे शिक्षण आहे तरी काय?

नावात इंजिनिअरिंग असलं तरी इथे यंत्र नाही. पैशातल्या जोखमीचं गणित आहे. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. आंबिया बहार झाडावर असतानाच व्यापारी बगीचा बघतो, पाच लाखांत सौदा ठरवतो आणि पन्नास हजार इसार देतो. तोडणीपर्यंत भाव चढला तर तो माल उचलतो. भाव पडला तर इसार सोडून निघून जातो. आपण सगळ्यांनी हे कधी ना कधी भोगलंय.

म्हणजे इसार देऊन व्यापाऱ्याने माल घेण्याचा हक्क विकत घेतला, बंधन नाही. शेअर बाजारात यालाच ऑप्शन म्हणतात. आता खरा प्रश्न : इसार किती घेतला म्हणजे शेतकरी बुडणार नाही? भाव जितका जास्त वरखाली होतो आणि तोडणीला जितका वेळ जास्त, तितका इसार जास्त पाहिजे, हे आपल्यालाही कळतं. पण नेमका आकडा किती? १९७३ साली फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांनी अशा हक्काची किंमत काढायचं सूत्र छापलं. रॉबर्ट मर्टन यांनी त्याच वर्षी ते पुढे नेलं. १९९७ मध्ये शोल्स आणि मर्टन यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ब्लॅक तोवर वारले होते. फायनान्शियल इंजिनिअरिंग याच पायावर उभं आहे. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाने १९९४ मध्ये असा कोर्स सुरू केला. आज कोलंबिया, बर्कली, न्यूयॉर्कचं बरूक कॉलेज, सिंगापूरची विद्यापीठं असे कोर्स चालवतात.

हे आपल्या आवाक्याबाहेरचं आहे असंही समजू नका. आपल्याच राज्यातल्या ग्वाल्हेरच्या मराठी घरात जन्मलेले नरेंद्र करमरकर मुंबई आयआयटीतून शिकून अमेरिकेत गेले. १९८४ मध्ये बेल लॅब्जमध्ये असताना त्यांनी काढलेली गणिती पद्धत जगभर गाजली. मर्यादित साधनांतून जास्तीत जास्त फायदा कसा काढायचा, याचं ते गणित. कुठे किती पैसा गुंतवायचा हे ठरवायलाही असलंच गणित लागतं.

पहिली चाळणी : गणित

कन्सल्टन्सीवाले हे शेवटी सांगतात, म्हणून मी आधी सांगतो. या कोर्सला प्रवेश देताना विद्यापीठ चार गोष्टी बघतं : कॅल्क्युलस, मॅट्रिक्सचं गणित, संभाव्यता व सांख्यिकी, आणि पायथन किंवा सी प्लस प्लससारखी एखादी कॉम्प्युटरची भाषा. नुसत्या बी.कॉम.वर चांगल्या ठिकाणी नंबर लागणं फार कठीण. मार्क कमी म्हणून नव्हे, हे विषयच मार्कशीटवर नसतात म्हणून. बी.एस्सी. गणित, सांख्यिकी किंवा इंजिनिअरिंगच्या मुलांचा रस्ता त्यामानाने मोकळा.

तेव्हा अकरावीत कॉमर्स घेतलं तरी मॅथ्स सोडू नका. जे पुढे निघून गेलेत त्यांच्यासाठी स्वयम आणि एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे कोर्स फुकट आहेत. परीक्षेची फी भरून सर्टिफिकेट मिळतं, ते अर्जाला जोडता येतं.

दुसरी अडचण वर्षांची. आपली जुनी पदवी तीन वर्षांची आणि अमेरिकेतली चार. काही विद्यापीठं तीन वर्षांची पदवी चालवून घेतात, काही नाही. मध्य प्रदेशात २०२१-२२ पासून नवीन शिक्षण धोरणात चौथ्या वर्षाची सोय झाली आहे. बाहेर जायचा विचार पक्का असेल तर चौथं वर्ष करायचं की नाही, हे तिसऱ्या वर्षातच ठरवा.

अर्जात काय काय लागतं?

ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या कोर्सचे अर्ज साधारण आदल्या हिवाळ्यात भरले जातात. म्हणजे तयारी किमान वर्षभर आधी.

- जीआरई : २०२३ च्या सप्टेंबरपासून ही परीक्षा छोटी झाली, दोन तासांच्या आत संपते. स्कोअर पाच वर्षं चालतो. इथे गणिताच्या भागात १७० पैकी जवळजवळ पूर्ण मार्क लागतात, कारण समोर तशीच मुलं असतात.
- इंग्रजीची परीक्षा : टोफेल किंवा आयईएलटीएस. स्कोअर दोनच वर्षं चालतो, त्यामुळे घाईने देऊन ठेवू नका.
- ट्रान्सक्रिप्ट : मार्कशीटची झेरॉक्स नव्हे. विद्यापीठाकडून वेगळा अर्ज करून घ्यायचा अधिकृत कागद. याला वेळ लागतो, आधी अर्ज टाका.
- शिफारसपत्रं : दोन किंवा तीन. ओळखीच्या पुढाऱ्याचं चालत नाही. ज्यांनी गणित शिकवलं त्या सरांचं, मॅडमचं लागतं.
- स्वतःबद्दलचा लेख : इंटरनेटवरून उतरवलेला लगेच ओळखू येतो. संत्र्याच्या इसाराची गोष्ट तुम्ही घरात पाहिलीय, तीच लिहा.
- मुलाखत : बऱ्याच ठिकाणी ऑनलाइन होते, संभाव्यतेचे प्रश्न तोंडी विचारतात.

सीमेवरच्यांची खरी अडचण : कागद

आपण बोलतो मराठी, बाजार-दवाखान्याला जातो नागपूरला, पण कागद मध्य प्रदेशचे. इथेच मुलं फसतात.

महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या मुलांसाठी मोठा आधार आहे, पण ती महाराष्ट्राच्या रहिवाशांना. नागपुरात होस्टेलवर तीन वर्षं काढली म्हणून तिथला अधिवास मिळत नाही. आपण 'मूल निवासी' मध्य प्रदेशचे, म्हणून राज्याच्या योजना भोपाळच्या बघायच्या.

केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप मात्र दोन्हीकडच्यांना खुली आहे. अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर कुटुंबांसाठी ती आहे. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत, पदवीला किमान ६० टक्के आणि वय ३५ च्या आत असावं लागतं. आदिवासी मुलांसाठी जनजातीय कार्य मंत्रालयाची वेगळी योजना आहे. आपल्याकडे अनेकांना हे माहीतच नसतं.

जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला लोक सेवा केंद्रातून वेळेत काढा. समग्र आयडी, आधार, दहावीची मार्कशीट आणि पासपोर्ट, चारही ठिकाणी नावाचं स्पेलिंग एकच ठेवा. पासपोर्टसाठी २०१८ पासून देशात कुठूनही अर्ज करता येतो, म्हणजे नागपूरही चालतं. पोलीस चौकशी दिलेल्या पत्त्यावर होते.

आता हिशेब

अमेरिकेत या कोर्सची नुसती शिकवणी फी बहुतेक ठिकाणी ५० हजार डॉलरच्या पुढे आहे. डॉलर ८५ रुपये धरला तरी साडेबेचाळीस लाख. राहणं-खाणं वेगळं.

समजा ४० लाखांचं कर्ज साडेदहा टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतलं. महिन्याचा हप्ता साधारण ५४ हजार येतो. शिकत असतानाचं व्याज वर्षाला ४ लाख २० हजार, ते वेगळं. नोकरी तिकडे मिळाली तर हे फिटतं. मिळाली नाही आणि इथे ४० हजारांवर लागावं लागलं, तर हप्ता पगारापेक्षा मोठा. व्हिसाचे नियमही सारखे बदलताहेत, त्यांच्या भरवशावर घर लावू नये.

साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला सहसा तारण लागतं आणि बहुतेक बँका शेतजमीन तारण घेत नाहीत. म्हणून गोष्ट राहत्या घरावर येते. कर्जाच्या व्याजावर कलम ८०-ई खाली आठ वर्षं सूट मिळते, पण जुन्या कर पद्धतीतच. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून बाहेर पाठवलेल्या रकमेवर एप्रिल २०२५ पासून टीसीएस कापत नाहीत.

घर न गहाण ठेवता

रस्ते इथेही आहेत. भारतीय सांख्यिकी संस्थेत एम.स्टॅट. आणि क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्सला शिकवणी फी नाही, उलट विद्यावेतन मिळतं. फक्त प्रवेश परीक्षा कस काढते. आयआयटीच्या एम.एस्सी.साठी जॅम परीक्षा फेब्रुवारीत होते, त्यात गणित, सांख्यिकी, अर्थशास्त्र असे पेपर आहेत. पुण्याची गोखले संस्था, गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, सेबीने पाताळगंगेला उभारलेली एनआयएसएम, हीही नावं लिहून ठेवा. देशातल्या निवडक संस्थांसाठी पीएम विद्यालक्ष्मी योजनेत विनातारण, विनाजामीन कर्ज मिळतं आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत आहे.

वर्ल्डक्वांट युनिव्हर्सिटी हाच कोर्स ऑनलाइन आणि फुकट शिकवते. सरकारी नोकरीत ती पदवी चालेल का, हे आधी तपासा. पण विषय झेपतो की नाही, हे घरबसल्या कळायला याहून स्वस्त उपाय नाही.

त्या भाऊंना मी एवढंच म्हणालो : पोरीला आधी जॅमचे मागचे पेपर सोडवू द्या. गणितात मन रमलं तर इथल्या परीक्षा द्या, बाहेर दोन-तीनच ठिकाणी अर्ज टाका, शिष्यवृत्ती मिळाली तर जाऊ द्या. व्यापारी बगीचा बघायला येतो तेव्हा तुम्ही पहिल्या बोलीला हो म्हणता का? मग इथे कशाला घाई?

भाऊ हसले. म्हणाले, "पोरगी बी हेच म्हणत होती."