स्कॅनची सीडी गावातच तपासून घ्या

पेण किंवा रोह्याहून पेशंटला मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात न्यायचे म्हणजे अख्खा दिवस जातो. पहाटे घर सोडायचे, रोजंदारी बुडवायची, केसपेपर काढून रांगेत थांबायचे. नंबर लागला की डॉक्टर स्कॅनची सीडी मागतात. ती संगणकात घातली की कधी उघडतच नाही, कधी उघडते पण चित्रे अर्धीच असतात. रिपोर्टचा कागद हातात असतो, पण ऑपरेशनचा निर्णय घेण्याआधी डॉक्टरांना मूळ चित्रे पाहायची असतात. मग पुन्हा स्कॅन काढायला सांगितले जाते. पुन्हा खर्च, पुन्हा फेरी. सीटी असेल तर अंगावर पुन्हा क्ष-किरण. पोटाच्या एका सीटीत छातीच्या साध्या एक्स-रेच्या पन्नास पटींहून अधिक किरण शरीरात जातात.

ओळखीतल्या घरांवर ही वेळ आली, तेव्हा पेण आणि रोह्यातल्या आम्ही काही जणांनी ठरवले की सीडी मुंबईला जाण्याआधी इथेच उघडून पाहायची. त्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर फुकट मिळते.

सीडीत नेमके काय असते?

सीटी आणि एमआरआयची चित्रे साध्या फोटोसारखी नसतात. ती ‘डायकॉम’ नावाच्या जागतिक पद्धतीने साठवलेली असतात. प्रत्येक चित्राबरोबर पेशंटचे नाव, तारीख, मशीनची माहिती जोडलेली असते. सीटीचे एक चित्र साधारण अर्धा एमबीचे, आणि अशी तीनशे चित्रेही असू शकतात. फिल्मवर त्यातली थोडीच छापली जातात. शिवाय एका चित्रात हाडे, फुप्फुसे, रक्तस्राव हे सारे वेगवेगळ्या उजेडात पाहता येते. फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवला की हे सगळे हरवते. म्हणून सीडी हीच खरी वस्तू, ती जपली पाहिजे.

सॉफ्टवेअर कोणते?

‘मुक्त स्रोत’ सॉफ्टवेअर म्हणजे ज्याची आतली रचना सर्वांना खुली असते आणि जे कोणीही पैसे न देता वापरू शकते. ब्राझीलमधल्या सरकारी संशोधन केंद्राने २००१ मध्ये ‘इनव्हेसॅलिअस’ तयार करायला घेतले, ते तिथल्या सरकारी रुग्णालयांच्या गरजेतून. आपल्याकडे छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या गनियारी गावात जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेच्या रुग्णालयात ‘बहम्नी’ ही मुक्त प्रणाली घडली. तिच्यात स्कॅनची चित्रे साठवण्याचीही सोय आहे. खेड्यातल्या रुग्णालयाच्या गरजेतूनही असे काम उभे राहते.

नुसती सीडी पाहण्यासाठी आम्ही ‘वेसिस’ निवडले. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात ते सुरू झाले. ते विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर चालते. ते त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच उतरवावे, इतर कुठून घेऊ नये. इतर प्रोग्रॅमसारखेच ते बसते. नव्या लॅपटॉपला सीडीची खाच नसते, तेव्हा बाहेरून जोडायचा सीडी ड्राइव्ह लागतो. सीडीतले सगळे फोल्डर आधी लॅपटॉपवर उतरवून घ्यावेत आणि मग उघडावेत. थेट सीडीवरून काम फार हळू चालते.

तपासणी कशी करावी?

पहिल्यांदा आम्ही रिपोर्ट हाती असलेली एक जुनी सीडी उघडली, म्हणजे सॉफ्टवेअर बरोबर दाखवते का ते कळले. आता प्रत्येक सीडीला आम्ही याच पाच गोष्टी पाहतो.

१. नाव, वय, तारीख पेशंटचीच आहे का? सेंटरवर सीडीची अदलाबदल होऊ शकते.

२. रिपोर्टमध्ये लिहिलेल्या सगळ्या भागांची चित्रे आहेत का? पहिल्यापासून शेवटच्या चित्रापर्यंत सरकत जावे.

३. सीटीत शरीराबाहेरच्या हवेवर बाण ठेवला की आकडा उणे हजाराच्या आसपास यावा. पाण्याचा आकडा शून्याजवळ असतो. हे जुळले, तर आकडे नीट वाचले जात आहेत.

४. पोटाच्या सीटीत यकृत आपल्या डाव्या हाताला दिसते, कारण पेशंटची उजवी बाजू पडद्यावर डावीकडे येते.

५. रिपोर्टमध्ये एखाद्या खड्याचे किंवा गाठीचे माप दिले असेल, तर पट्टीने मोजून ते जवळपास जुळते का ते पाहावे.

काही जुळले नाही, तर स्वतः निष्कर्ष काढू नये. त्याच दिवशी सेंटरवर जाऊन दुसरी सीडी मागावी. घराजवळचे सेंटर गाठणे मुंबईहून परत येण्यापेक्षा कितीतरी सोपे.

दोन इशारे

पहिला: चित्र दिसले म्हणजे आजार कळला असे नाही. लॅपटॉपच्या पडद्यावर पाहून ‘काही नाही’ किंवा ‘कॅन्सर आहे’ असे कोणाला सांगणे हा गुन्ह्याइतका मोठा अविचार आहे. ‘थ्रीडी स्लायसर’ या नामवंत मुक्त सॉफ्टवेअरचे निर्मातेसुद्धा ते संशोधनासाठी आहे, असे बजावतात. निदान रेडिओलॉजिस्ट आणि डॉक्टरांनीच करायचे. आपण फक्त सीडी पुरी आहे का ते पाहतो.

दुसरा: प्रत्येक चित्रात पेशंटचे नाव असते. ती सीडी व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर किंवा अनोळखी संकेतस्थळावर टाकू नये. दुसऱ्याची सीडी तपासून दिली, तर आपल्या लॅपटॉपवरची प्रत पुसून टाकावी.

हक्क लक्षात ठेवा

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार पेशंटने किंवा त्याच्या अधिकृत नातेवाइकाने मागितल्यावर डॉक्टरांनी वैद्यकीय कागदपत्रे ७२ तासांच्या आत द्यायची असतात. म्हणून स्कॅन झाला की फिल्मबरोबर सीडीही मागून घ्या. तिची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा आणि मूळ सीडी रिपोर्टच्या पिशवीत. आपल्या वस्तीतल्या लॅपटॉप असलेल्या एखाद्या तरुणाने ही पाच कामे शिकून घेतली, तर शेजारच्या दहा घरांची एक-एक फेरी वाचू शकेल.