अर्धा ट्रॅक्टर इकडे, अर्धा तिकडे

जबलपूर जिल्ह्यातल्या पाटण, शहापुरा भागात पावसाळा सरला की शेतकऱ्याला ट्रॅक्टर आजच्या आज हवा असतो. नर्मदेच्या खोऱ्यातल्या या काळ्या, चिकट जमिनीत ‘हवेली’ नावाची जुनी पद्धत आहे. पावसाळाभर उंच बांधांच्या आत पाणी कोंडायचं, ऑक्टोबरच्या सुमारास ते सोडून द्यायचं आणि ओल आहे तोवर गहू-हरभरा पेरून घ्यायचा. ओल कुणासाठी थांबत नाही. अशा ऐन घाईत जुन्या ट्रॅक्टरचा क्लच घसरू लागला, तर मालकाच्या तोंडचं पाणी पळतं.

लक्षण लपत नाही. नांगर जमिनीत उतरला की इंजिनाचा आवाज चढतो, पण ट्रॅक्टर मात्र पुढे ओढत नाही. भरलेली ट्रॉली चढावर रेंगाळते, जळका वास येतो. इंजिन आणि गिअर बॉक्स यांच्या मध्ये बसलेली क्लच प्लेट झिजलेली असते, किंवा तिच्यावर तेल आलेलं असतं. ती बदलली की काम झालं. पण तिथवर हात पोचायचा कसा?

ट्रकचं उदाहरण घ्या. याच जबलपुरात १९५९ पासून लष्कराचे शक्तिमान ट्रक बनू लागले. आधी गन कॅरेज फॅक्टरीत, पुढे १९६९ साली उभ्या राहिलेल्या व्हेइकल फॅक्टरीत. ट्रकला लांब लोखंडी चासी असते आणि इंजिन, गिअर बॉक्स तिच्यावर वेगवेगळे बसवलेले असतात. गिअर बॉक्स तेवढा उतरवला की क्लच समोर येतो. शेतातल्या बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांना अशी चासीच नसते. इंजिन, क्लचचं घर, गिअर बॉक्स आणि मागचा अॅक्सल एकमेकांना बोल्टांनी जोडलेले असतात आणि पाठीच्या मणक्यांसारखा सगळा भार तेच पेलतात. हेन्री फोर्डच्या फोर्डसन ट्रॅक्टरने १९१७ पासून ही रचना जगभर नेली. तिने ट्रॅक्टर हलका आणि स्वस्त झाला, म्हणून तर तो लहान शेतकऱ्याच्याही आवाक्यात आला. मुंबईच्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनीचा बी-२७५ घ्या किंवा मॅसी फर्ग्युसनचा १०३५ घ्या, क्लचसाठी ट्रॅक्टर मधून सोडवावाच लागतो.

म्हणूनच अनुभवी मिस्त्री लगेच पाना उचलत नाही. आधी तो पेडलचा मोकळा प्ले तपासतो. क्लच प्लेटवरची लायनिंग झिजत जाते तसा हा प्ले कमी होतो. तो उरलाच नाही, तर रिलीज बेअरिंग सतत दाबलेलं राहतं आणि क्लच घसरतो. कधी नुसत्या जोडणीच्या फेरफारावर भागतं. क्लचच्या घराच्या तळाशी असलेल्या छोट्या भोकातून तेल ठिबकत असेल, तर ते काळं इंजिन ऑइल आहे की गिअरचं जाड तेल, हेही तो बोटावर घेऊन पाहतो. कोणतं सील गेलंय ते त्यावरून कळतं. सील न बदलता नुसती प्लेट बदलली, तर नवी प्लेटही तेलात भिजणार.

खोलायचं ठरलं की बॅटरी सुटते, बॉनेट उतरतं, डिझेलच्या नळ्या, वायरिंग, स्टिअरिंगचा दांडा, अॅक्सिलरेटरची कांडी मोकळी होते. मग येतं सर्वांत जोखमीचं काम. ट्रॅक्टरचा पुढचा अॅक्सल मधल्या एका पिनेवर झुलतो. मागचा आधार सुटताच इंजिनाचा भाग कुशीवर कलंडू शकतो. म्हणून अॅक्सलच्या दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी घट्ट ठोकतात, इंजिनाखाली घोडी लावतात, गिअर बॉक्सच्या बाजूला भक्कम आधार देतात. कित्येक क्विंटलचं लोखंड नुसत्या जॅकच्या भरवशावर ठेवून त्याखाली हात घालणं हा जिवाशी खेळ आहे. हे सांगावं लागू नये, पण लागतं. शेवटचे बोल्ट निघाले की एक भाग हळूहळू मागे सरकवतात आणि मधे माणूस बसेल एवढी जागा होते.

आत जमलेली काळी भुकटी फुंकून किंवा हवा मारून उडवू नये. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याची धूळ फुप्फुसांत कायमची बसते. ओल्या फडक्याने पुसणं हाच योग्य मार्ग.

एवढी मेहनत करून ट्रॅक्टर उघडल्यावर फक्त प्लेट बदलणं ही खोटी काटकसर. रिलीज बेअरिंग, फ्लायव्हीलमधलं पायलट बेअरिंग, तेलाची सीलं, थकलेली प्रेशर प्लेट हे सगळं त्याच वेळी पाहायचं. फ्लायव्हीलवर चरे किंवा जळाल्याचे निळे डाग असतील तर ते लेथवर घासून घ्यायचं.

जोडताना ताकद कामाची नाही. नवी प्लेट नेमकी मध्यावर बसली, तरच गिअर बॉक्सच्या शाफ्टचे दाते तिच्यात शिरतात. बरेच मिस्त्री त्यासाठी जुन्या शाफ्टचा तुकडाच जपून ठेवतात. दोन्ही भाग हातभर अंतरावरून हलकेच जवळ आणायचे, दाते जुळत नसतील तर फ्लायव्हील थोडं फिरवायचं. बोल्ट आवळून ओढून आणण्याच्या नादात प्लेटचा हब वाकतो, क्लचचं घर तडकतं, आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा तेच काम काढावं लागतं.

हे कौशल्य बहुतेकांना उस्तादाच्या हाताखालीच मिळतं. तरी शिकायची रीतसर सोयही आहे. सीहोर जिल्ह्यात नर्मदेकाठच्या बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर प्रशिक्षण संस्था १९५५ पासून आहे, आणि जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे.

जोडलेला ट्रॅक्टर लगेच नांगराला जुंपू नये. नवी लायनिंग बसेपर्यंत काही तास हलकं काम द्यावं आणि मग पेडलचा प्ले पुन्हा मोजावा. गरज नसताना पेडलवर पाय ठेवून चालवायची सवय असेल, तर ती चालकाने याच पहिल्या दिवसापासून सोडायला हवी.