अस्सल कोल्हापुरी कशी ओळखावी?

पुणे-बेंगळुरू महामार्गावर कोल्हापूर मागे पडले की कागल, मग निपाणी आणि पुढे बेळगाव. या वाटेवर ‘अस्सल कोल्हापुरी’ अशा पाट्या जागोजागी दिसतात. पाटीखाली टांगलेल्या चपलांत हाताने केलेले चामड्याचे काम असते, तसे पर्यटकांसाठी साच्यातून काढलेले रेक्झिनही असते. लांबून दोन्ही सारखेच. हातात घेतल्यावर मात्र फरक कळतो, फक्त कुठे पाहायचे ते माहीत हवे.

आधी एक गैरसमज दूर करू. कर्नाटकात बनली म्हणून चप्पल नकली ठरत नाही. 2019 मध्ये जाहीर झालेले भौगोलिक मानांकन आठ जिल्ह्यांना मिळून आहे: महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. लिडकॉम आणि लिडकर ही दोन्ही राज्यांची चर्मोद्योग महामंडळे मानांकनाची भागीदार आहेत. बेळगाव जिल्ह्यातील अथणी, निपाणी, मदभावी इथे हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालते आणि तिथला माल कोल्हापूरच्या दुकानांतही विकला जातो.

आता चप्पल उलटी करा आणि तळाची कड पाहा. अस्सल तळ म्हशीच्या जाड चामड्याचा, थरावर थर ठेवून केलेला असतो. हे चामडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावतात. त्या पाण्यातला अर्क सावकाश आरपार मुरतो, म्हणून कापलेली कड वरपासून खालपर्यंत तपकिरी दिसते. क्रोमने कमावलेले चामडे आतून बहुधा निळसर राखाडी असते. तपकिरी रंग वरवर लावलेला असतो. रेक्झिनच्या कडेला तर कापडाचे धागेच दिसतात. काही चपलांच्या तळात चक्क पुठ्ठा भरलेला असतो.

मग टाके पाहा. कारागीर आरीने भोके पाडतो आणि चामड्याची बारीक वादी हाताने ओवून थर शिवतो. लोखंडी खिळा त्यात नसतो. हाताचे टाके किंचित मागेपुढे असतात. नायलॉनच्या दोऱ्याचा एकसारखा टाका दिसला, किंवा तळ नुसता सोल्यूशनने चिकटवलेला असला, तर ते पारंपरिक काम नव्हे.

पट्ट्यावरची वेणी खरे कसब दाखवते. अस्सल वेणी चामड्याच्या बारीक पट्ट्यांची हाताने विणलेली असते. विणकाम आणि नक्षीची छिद्रे पाडणे ही कामे बहुतेक घरांत बायकाच करतात. वेणीवर नख फिरवा. पट्टी पट्टीखालून गेलेली जाणवली पाहिजे. नकली वेणी ही नुसती दाबून उठवलेली नक्षी असते. नख तिच्यावरून सरळ घसरते.

शेवटी वास घ्या. सालीत कमावलेल्या चामड्याला मातकट वास असतो, रेक्झिनला प्लास्टिकचा. दुकानदाराने परवानगी दिली तर पॉलिश नसलेल्या जागी पाण्याचा एक थेंब टाका. चामड्यात तो मुरतो आणि डाग गडद होतो. रेक्झिनवरून तो ओघळून जातो.

कुठल्याही एका खुणेवर निकाल देऊ नका. कड, टाके, वेणी आणि वास या चारही गोष्टी जुळल्या तरच पैसे मोजा. नवी चप्पल सुरुवातीला चावते, तो दोष समजू नका. थोडे तेल लावून रोज थोडा वेळ वापरली की ती पायाचा आकार घेते.

जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीच्या घाटाचे सँडल कोल्हापूरचे नाव न घेता मांडले, तेव्हा दोन्ही राज्यांत संताप उसळला. तो रास्तच होता. पण कारागिराचे नाव आपणही सहसा विचारत नाही. पुढच्या वेळी चप्पल घेताना ती कोणी केली आणि कुठल्या गावात केली, हे दुकानदाराला जरूर विचारा. अस्सल माल विकणाऱ्याला ते सांगायला अडचण नसते.