धाराशिवमध्ये समलिंगी जोडप्याचं लग्न रजिस्टर होतं का?

थायलंडमध्ये 23 जानेवारी 2025 पासून समलिंगी लग्न कायदेशीर झालं. मग भारतात? 'कलम 377 तर गेलं, म्हणजे लग्नही चालतं,' असं अनेकांना वाटतं. पण तसं नाही.

6 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टानं दोन सज्ञान व्यक्तींचं संमतीनं असलेलं समलिंगी नातं गुन्हा नाही, असं सांगितलं. लग्नाचा मुद्दा त्यात नव्हता.

अर्ज कुठं अडतो?

समजा, तुळजापूरची एक आणि कळंबची एक, अशा दोन मुलींना लग्न करायचंय. विशेष विवाह कायदा, 1954 नुसार जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडं नोटीस द्यावी लागते. आक्षेपांसाठी 30 दिवस थांबावं लागतं. पण याच कायद्यात वयाची अट पुरुषासाठी 21 आणि स्त्रीसाठी 18 अशी लिहिली आहे. दोन्ही बाजूंना स्त्री असेल, तर अर्ज तिथंच थांबतो.

कोर्ट काय म्हणालं?

17 ऑक्टोबर 2023 ला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला. लग्न हा मूलभूत हक्क नाही आणि कायदा बदलणं संसदेचं काम आहे, यावर पाचही जणांचं एकमत होतं. लग्नाऐवजी नात्याला कायदेशीर मान्यता आणि मूल दत्तक घेण्याचा हक्क, हे मुद्दे 3 विरुद्ध 2 मतांनी फेटाळले गेले. ट्रान्सजेंडर व्यक्तीला मात्र स्त्री-पुरुष नात्यात लग्न करता येतं. जानेवारी 2025 मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या.

मग हातात काय आहे?

ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रानं स्पष्ट केलं की, अशा जोडप्यांना बँकेत जॉइंट खातं उघडता येतं आणि जोडीदाराला नॉमिनी करता येतं. रेशन कार्डासाठी दोघांना एकाच कुटुंबातले धरावं, असंही राज्यांना कळवलं.

खरी अडचण कधी येते?

एकीचा मृत्यू झाला तर. नॉमिनी पैसे स्वीकारू शकते, पण त्यामुळं ती वारस ठरत नाही. सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लागतं ते रक्ताच्या नातेवाइकांचं. वीस वर्षं एकत्र शेत कसलं असलं, तरी जोडीदाराला वारसाहक्कानं काही मिळत नाही.

त्यावर आज एक साधा उपाय आहे, मृत्युपत्र. स्वतः कमावलेली मालमत्ता त्यातून कुणालाही देता येते. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी सक्तीची नाही. नवरा-बायकोला लग्नाच्या एका दाखल्यानं जे मिळतं, ते या जोडप्यांना असं एकेक कागद करून जमवावं लागतं.