नणंदेचा दोर

दोर म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? कपडे वाळत घालायची दोरी, पडद्याची दोरी, फार तर गावाकडच्या विहिरीवरचा सोल. दुकानात जायचं, दोन्ही हातांनी ताणून पाहायची, "तुटणार नाही ना हो?" असं विचारायचं आणि पैसे मोजायचे. गेल्या दिवाळीपर्यंत माझीही अक्कल एवढीच होती, बरं का!

माझी धाकटी नणंद चाकणला एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी करते. आम्ही राहतो निगडीला, प्राधिकरणात. आठवडाभर ती कंपनीच्या बसने जाते-येते आणि रविवारी पहाटे आकुर्डी स्टेशनवरून लोणावळ्याची लोकल पकडते. तिथून कुरवंडे गावाजवळची नागफणी, नाही तर तैलबैलाच्या भिंती. फिरायला नव्हे, कडा चढायला! प्रस्तरारोहण म्हणतात त्याला. सासूबाईंचा आधी फार विरोध होता. साताऱ्याच्या प्रियांका मोहितेनं २०१३ साली एव्हरेस्ट गाठलं, हे तिनं त्यांना तीनतीनदा ऐकवलं, तेव्हा कुठे त्या जरा निवळल्या.

तर गेल्या वर्षी या मुलीनं आपल्या पहिल्या बोनसमधून चढाईचा दोर आणला. दिवाळीची साफसफाई करताना मी तो उचलला आणि बाल्कनीतल्या कपाटात, इन्व्हर्टरच्या बॅटरीशेजारी नीट गुंडाळून ठेवून दिला. चार महिने तिथेच. तिच्या शिकवणाऱ्या सरांना हे समजलं, तेव्हा त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "बॅटरीजवळ होता? मग तो आता वापरायचा नाही." दोर तर नव्यासारखा दिसत होता! पण हे दोर नायलॉनचे असतात. बॅटरीतलं आम्ल, त्याची वाफसुद्धा, नायलॉन आतून कुजवते आणि वरून काही म्हणजे काही दिसत नाही. नणंद मला एका शब्दानं बोलली नाही. मला मात्र दोन रात्री झोप नव्हती. पैसे गेले म्हणून नव्हे. सरांनी विचारलं नसतं तर काय, म्हणून.

नवा दोर मी घेऊन द्यायचा ठरवला. शाळेतल्या अर्धवेळ नोकरीचे साठवलेले पैसे होते. पण आमच्या घरात कुठलीही खरेदी चर्चेशिवाय होत नाही. आमचे हे म्हणाले, "एवढे हजारो रुपये कशाला? भोसरीत माल बांधायचा असा दोर मिळतो की टेम्पो ओढून नेईल. हिचं वजन पन्नास किलो!" मलाही ते पटलं होतं. खरं सांगते, तुम्हालाही पटलं असतं.

सरांनी मला समजावलं ते असं. अंडं ताटात पडलं तर फुटतं, पदरात झेललं तर वाचतं. ताट पदरापेक्षा मजबूत असूनही! चढणारा माणूस शेवटच्या बोल्टच्या तीन मीटर वर गेला आणि हात सुटला, तर तो सहा मीटर आणि वर थोडा खाली येतो. न ताणणारा दोर त्याला एका क्षणात थांबवतो. दोर तुटत नाही, पण तो सगळा झटका कंबरेला आणि पाठीला बसतो, शिवाय खडकातला बोल्ट उपटून येण्याची भीती. चढाईचा दोर, ज्याला 'डायनॅमिक' म्हणतात, तो रबरासारखा नाही, पण बेताने ताणतो आणि पडणाऱ्याला पदरात घेतल्यासारखा सावकाश थांबवतो. माल बांधायचा दोर म्हणजे ताट. आणि मैत्रिणींनो, सहलीला गेल्यावर मुलं ज्याच्यावरून घसरत खाली उतरतात, तो रॅपलिंगचा 'स्टॅटिक' दोरही ताटच. उतरायला उत्तम, पण पुढे राहून चढणाऱ्यानं तो कंबरेला बांधायचा नाही. दिसायला दोन्ही सारखेच रंगीबेरंगी, म्हणून सांगून ठेवते.

हे ज्ञान माणसाला फुकट मिळालेलं नाही. १४ जुलै १८६५ रोजी आल्प्समधल्या मॅटरहॉर्न शिखरावर सात जण प्रथमच पोचले. उतरताना एकाचा पाय घसरला, त्यानं तिघांना ओढलं आणि वरच्या तिघांना जोडणारा दोर मध्येच तुटला. चौघे गेले. त्यांच्याजवळ तीन प्रकारचे दोर होते आणि तुटला तो त्यातला सर्वांत जुना, कमकुवत, जादा म्हणून आणलेला. तो तुकडा झरमॅटच्या संग्रहालयात आहे. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नायलॉन आलं, आणि १९५३ साली जर्मनीतल्या एडेलरिड कंपनीनं आत धाग्यांचा गाभा आणि वर विणलेलं आवरण असा दोर काढला. आजचे सगळे दोर त्याच जातीचे. गाभा भार पेलतो, आवरण त्याचं रक्षण करतं. आपल्या रजईची खोळच म्हणा.

आता नणंदेचा हट्ट. तिला हवा होता ८.९ मिलिमीटर जाडीचा, अगदी बारीक. हलका, हातात छान खेळणारा. जुना होता १०.२चा. मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. बारीक दोराचं वजन मीटरला साधारण ५२ ग्रॅम, म्हणजे ६० मीटरचे ३ किलो १२० ग्रॅम. ९.५चा दोर मीटरला ५९ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे साडेतीन किलो. फरक चारशे ग्रॅमचा; दोन मोठे कांदे आणि एक कोथिंबिरीची जुडी! त्यासाठी काय गमवायचं, तर बहुधा आवरण. दोर बारीक करायचा तर कुठे तरी सूत कमी करावंच लागतं. आणि आपला सह्याद्री म्हणजे काळा बसाल्ट, खरखरीत, कडांना धार असलेला. युरोपातल्या अतिउंच शिखरांवर जिथे ग्रॅम-ग्रॅम मोजतात, तिथे बारीक दोराला अर्थ आहे. आमच्या बाईसाहेब आकुर्डीहून लोकलने जाणार!

शिवाय दुसरी गोष्ट. खालून दोर धरणाऱ्याच्या हातातलं ते अडकवायचं साधन असतं ना, 'बिले डिव्हाइस', त्यातून बारीक दोर भरकन सरकतो. त्या साधनावर किती ते किती जाडीचा दोर चालतो हे छापलेलं असतं. आपल्या मुलीचा जीव दुसऱ्याच्या मुठीत असतो, तेव्हा ते आकडे वाचलेले बरे.

शेवटी ठरला ९.५चा. त्यातही सारख्या जाडीचे दोन दोर सारखे टिकत नाहीत. माहितीपत्रकात आवरणाची टक्केवारी बहुतेक दिलेली असते. ती ४०च्या आसपास किंवा वर असलेला घ्यावा, आणि आवरण गाभ्यावर घट्ट बसलेलं असावं. पाणी न शोषणारा खास दोर महाग पडतो. आमच्याकडे चढाई पाऊस संपल्यावर, कोरड्या दिवसांतच, म्हणून तो खर्च मी वाचवला. लांबी ६० मीटर, कारण दुपटीनं लावला की ३० मीटर उतरता येतं.

दोराच्या टोकाला एक पट्टी असते. दागिन्यावरचा हॉलमार्क पाहतो तशी ती पाहायची. वर्तुळात १ असेल तर तो एकटा वापरायचा दोर. ½ असेल तर तो जोडीनं वापरायचा, एकटा नव्हे. एकमेकांत अडकलेली दोन वर्तुळं असतील तर तोही जोडीचाच. स्वस्त आणि बारीक दिसला म्हणून ½ उचलून आणाल आणि घात होईल. त्याच पट्टीवर ईएन ८९२ हा युरोपातला मानक क्रमांक, किंवा गिर्यारोहकांच्या जागतिक संघटनेचं यूआयएए हे चिन्ह पाहावं. १ खुणेच्या दोराला ८० किलोचं वजन बांधून ते सुमारे पाच मीटर खाली सोडतात, आणि दोरानं अशा निदान पाच पडण्या सोसाव्या लागतात. पहिल्या पडण्यात बसणारा झटका १२ किलोन्यूटनच्या, म्हणजे साधारण बाराशे किलोच्या भाराच्या वर जाता कामा नये. नणंद घाबरली, "म्हणजे पाचदा पडले की टाकायचा?" तसं नव्हे. ती कसोटी फार कठोर असते, डोंगरातलं रोजचं पडणं त्याच्या पासंगालाही पुरत नाही. बारीक दोर काठावर पाच-सहा पडण्या सोसतात, जाड आठ-नऊ. मात्र दुसऱ्याचा वापरलेला दोर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. त्याची बाल्कनी आपल्याला कुठे ठाऊक?

मी चौथीच्या वर्गाला इतिहास शिकवते. सूर्याजीनं कोंढाण्यावर दोर कापल्याची कथा ऐकून मुलं टाळ्या वाजवतात, हिरकणी बिनदोराची उतरली तेव्हाही. हल्ली त्या टाळ्या ऐकून माझ्या मात्र पोटात गोळा येतो.

आता आमच्या घरचा रिवाज. दोर आला की जुन्या चादरीची पिशवी शिवली. कड्याखाली ती अंथरायची आणि दोर तिच्यावर. मातीत टाकायचा नाही, पाय द्यायचा नाही, कारण बारीक खडी आत शिरून गाभा कापते. मळला तर कोमट पाण्यात, ३० अंशांच्या आत, सौम्य साबणानं धुवायचा. ब्लीच नाही, कपड्यांचं सॉफ्टनर नाही. वाळवायचा सावलीत, गच्चीतल्या उन्हात नव्हे. बाथरूममधल्या आम्लाच्या बाटल्या, फिनेल, स्कूटरची डिकी, सगळ्यापासून लांब. आमचा दोर आता माझ्या पैठणीच्या कपाटात असतो!

दर खेपेनंतर तांदूळ निवडतो तसा तो इंचाइंचानं बोटांतून काढायचा. कुठे चपटा लागला, मऊ पोकळ वाटला, आवरण फार पिसारलं किंवा आतला पांढरा गाभा दिसला, तर विचारायचं नाही, वापर बंद. कंपन्या साधारण असं सांगतात: दर आठवड्याला वापरला तर एखादं वर्ष, महिन्यातून चार-दोनदा तर तीन वर्षं, महिन्यातून एकदा तर पाच, आणि नुसता ठेवला तरी दहा वर्षांपुढे नको. मोठं पडणं झालं किंवा धारेवर घासला, तर त्याआधीच.

हे सगळं लक्षात कसं ठेवायचं? दुधाच्या हिशेबाची वही आहे ना, तिची मागची पानं मी दोराला दिली आहेत. तारीख, जागा, किती वेळा पडली, दोर पाहिला का. "वहिनी, पडले नाही" असं ती सांगते, तेव्हा सासूबाई आतून विचारतात, "नक्की ना गं?" आणि मग मी शून्य लिहिते. जुना दोर कापून त्याच्या चार वलण्या केल्या. बाल्कनीत त्यांच्यावर चादरी वाळतात.