कमी तास उडालेलं विमान

जुनं छोटं विमान घेताना खरेदीदाराची नजर आधी इंजिनाच्या तासांवर जाते. तास कमी म्हणजे झीज कमी, हा हिशेब सरळ वाटतो, पण तो फसवा आहे. अमेरिकेत सर्रास विकल्या जाणाऱ्या सेसना १७२ मध्ये १९६८च्या मॉडेलपासून लायकमिंगचं इंजिन आलं. त्यात कॅमशाफ्ट वरच्या बाजूला असतो. विमान महिनोन्महिने उभं राहिलं की त्यावरचं तेल निथळतं, दमट हवेने गंज चढतो आणि पुढे उडताना धातूचे कण सुटून तेलात मिसळतात. म्हणूनच लायकमिंग ओव्हरहॉलसाठी, म्हणजे इंजिन पूर्ण उघडून दुरुस्त करण्यासाठी, तासांबरोबर १२ वर्षांची मर्यादाही सुचवते.

यावर कोणी म्हणेल, अमेरिकेत वार्षिक तपासणी सक्तीची आहे, मग खरेदीआधी वेगळी तपासणी कशाला? पण ती तपासणी विमान त्या वेळी उडण्यायोग्य आहे का, एवढंच ठरवते; पुढच्या खर्चाची हमी देत नाही. कॅमशाफ्ट नीट पाहायला बहुधा सिलिंडर उतरवावा लागतो, आणि वार्षिक तपासणीत एरवी तो उतरवत नाहीत. स्वतंत्र तपासणी महाग पडते, हा आक्षेपही खरा आहे. मात्र ओव्हरहॉलच्या तुलनेत ती रक्कम किरकोळ ठरते. तेव्हा विकणाऱ्याशी संबंध नसलेला मेकॅनिक नेमा, ऑइल फिल्टर कापून पाहायला सांगा आणि लॉगबुकात नोंदींमधलं अंतर तपासा. वर्षानुवर्षं जागेवर उभं असलेलं विमान केवळ तास कमी म्हणून घेऊ नका.