परग्रहावरचा पाहुणा आणि विचारण्याची रीत



मागच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वही मिटली, चहा यायचा होता. आमच्या गटातली एक सून मोबाईलमध्ये बघून गालातल्या गालात हसत होती. मावशींनी विचारलं, "काय गं, एवढं काय वाचतेस?" ती लाजून म्हणाली, "गोष्ट आहे मावशी. एका बाईचं आणि दुसऱ्या ग्रहावरून आलेल्याचं प्रेम जमतं." मावशी म्हणाल्या, "का? या ग्रहावरचे संपले काय?"

सगळ्या पोट धरून हसलो. पण घरी जाताना वाटलं, मावशींचा प्रश्न बरोबर आहे. बायकांना अशा गोष्टी का आवडत असतील? आज त्यावरच बोलू या.

अमेरिकेत, इंग्लंडात अशा कादंबऱ्या भरपूर निघतात. लिहिणाऱ्या बहुतेक बायका, वाचणाऱ्याही बहुतेक बायकाच. त्यात विज्ञान असतं, प्रेम असतं आणि शृंगारही मोकळेपणाने लिहिलेला असतो. यात दचकायचं काही नाही. आपल्या लावणीत काय शृंगार कमी आहे? नवीन आहे तो फक्त नायक.

या प्रकारातली मला माहीत असलेली सगळ्यात चांगली गोष्ट एका सिनेमातली आहे. नाव 'स्टारमॅन', म्हणजे ताऱ्यावरचा माणूस. साल १९८४, दिग्दर्शक जॉन कारपेंटर. सिनेमाची सुरुवात एका खऱ्या घटनेतून होते, ती आधी सांगते.

१९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन यानं अवकाशात सोडली. दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी होती. कुठे कुणी असेल, तर त्याला आपली ओळख व्हावी म्हणून. तिच्यात ५५ भाषांमधले नमस्कार आहेत, त्यात आपली मराठीसुद्धा आहे. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांनी गायलेली भैरवी आहे. व्हॉयेजर १ हे यान ५ सप्टेंबरला उडालं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. त्यांचा आवाज मात्र अजून पुढे पुढे चाललाय. तबकडी तयार करणाऱ्यांत अ‍ॅन ड्रुयान नावाची एक तरुणी होती. तिचं नुकतंच लग्न ठरलं होतं. तिच्या मेंदूच्या आणि हृदयाच्या लहरीही त्या तबकडीवर घेतल्या आहेत. म्हणजे आपण आकाशात जो निरोप धाडला, त्यात प्रेमात पडलेल्या एका बाईचं काळीजही आहे!

खऱ्या तबकडीला अजून कुणाचं उत्तर आलेलं नाही. सिनेमात मात्र येतं. तबकडी ऐकून एक पाहुणा पृथ्वीवर येतो. त्याचं यान पाडलं जातं आणि तो एका घरात शिरतो. तिथे जेनी नावाची तरुण विधवा एकटी राहते. फोटोंच्या वहीत तिने नवऱ्याची केसांची बट जपून ठेवलेली असते. त्या बटेवरून पाहुणा हुबेहूब तिच्या नवऱ्याचं शरीर घेतो. विचार करा, गेलेला माणूस समोर उभा राहिला तर काय होईल? जेनीची भीतीने गाळण उडते.

तीन दिवसांत लांबच्या एका विवरापाशी पोचलं नाही, तर पाहुणा मरणार असतो. म्हणून तो जेनीला बळजबरीने गाडी चालवायला लावतो. म्हणजे सुरुवात काही प्रेमाची नाही, धाकाची आहे. मग प्रेम कसं होतं? चेहऱ्यामुळे नाही. तो एकेका शब्दाचा अर्थ तिला विचारतो, तिच्याकडे बघून शिकतो. पिवळा दिवा लागला की तो गाडी जोरात पळवतो, कारण जेनी तसंच करते! वाटेत शिकाऱ्यांनी मारलेलं हरीण त्याला दिसतं. तो त्याला पुन्हा जिवंत करतो आणि त्यापायी मार खातो. हे सगळं जेनी बघते. तिची भीती हळूहळू जाते आणि एका रात्री मालगाडीच्या डब्यात ती आपणहून त्याला जवळ करते.

मावशींच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडलं. परग्रहावरच्याला आपल्या रीती ठाऊक नसतात. बायकोने काय करायचं, कधी गप्प बसायचं, हे त्याने गृहीत धरलेलं नसतं. म्हणून त्याला विचारावं लागतं. आणि आपल्याला कुणीतरी विचारावं, हीच तर बाईची जुनी भूक आहे. आपणही लग्न होऊन परक्या घरी जातो. तिथे आपल्याला सगळं सांगतात. विचारतात किती जण?

पण हा पाहुणाही एका ठिकाणी चुकतो. जेनीला मूल होत नसतं. त्या रात्रीनंतर तो सांगतो की तुला दिवस गेलेत, आणि तुला नको असेल तर मी हे आत्ताच थांबवतो. (खऱ्या विज्ञानात हे होणार नाही. गाय आणि शेळी एकाच गोठ्यात राहिल्या तरी त्यांचा संकर होत नाही, मग परग्रहावरच्याचं काय?) निर्णय तो तिच्यावर सोडतो, हे चांगलंच. जेनीला मूल हवं असतं, ती आनंदाने ठेवते. पण मैत्रिणींनो, हा प्रश्न आधी विचारायचा असतो, नंतर नाही. बाईला मूल हवं असेलच, असं त्यानेही धरून चाललंच की!

आणि गोष्टीतलं सोडा, आपल्याकडे काय होतं? मूल कधी हवं, किती हवीत, पाळणा कधी थांबवायचा, हे घरात कोण ठरवतं? कायद्याचं एक कलम लक्षात ठेवा. १९७१ च्या गर्भपात कायद्यात सज्ञान, शहाण्या बाईच्या गर्भपातासाठी तिची स्वतःची संमती लागते. नवऱ्याची किंवा सासूची सही कायद्याने लागत नाही. किती आठवड्यांपर्यंत, कोणत्या कारणांसाठी, हे नियमांत ठरलेलं आहे. त्याची माहिती सरकारी दवाखान्यात वेळेवर घ्यावी. गावठी उपाय जिवावर बेततात.

सिनेमाच्या शेवटी पाहुणा आपल्या घरी परत जातो. जेनी एकटीच राहते, पण पहिल्यासारखी दबलेली नाही.

तर पुढच्या बैठकीत हप्ते झाले की एक खेळ करा. प्रत्येकीने सांगायचं, घरच्या माणसाने मला कोणता एक प्रश्न विचारायला हवा होता, जो त्याने कधी विचारलाच नाही. ऐकणाऱ्यांनी मध्ये बोलायचं नाही. आणि घरी गेल्यावर तो प्रश्न त्याला सांगून बघा. आपला माणूस काही आकाशातून आलेला नाही, मराठी त्याला नीट कळते.